कोरडे विरजण

निर्मल येथील एका वाचकभगिनींचे पत्र गेल्या महिन्यात आमच्या हाती आले. त्यांची कन्या विवाहानंतर कॅनडात राहावयास जाणार आहे. सामानाची यादी झाली. गोडा मसाला, मेतकूट, भाजणी, देवघरातला लहानगा बाळकृष्ण, सारे बांधून झाले. एक गोष्ट तेवढी राहिली. त्यांच्या घरी दह्याचे जे विरजण आहे ते त्यांच्या आजेसासूबाईंनी साठ वर्षांपूर्वी माहूरच्या माहेराहून आणले आणि तेव्हापासून ते एक दिवसही तुटलेले नाही, असे घरात सांगतात. दह्याची वाटी विमानातून एवढ्या लांब नेणे कठीण, म्हणून सासूबाईंच्या सांगण्याप्रमाणे स्वच्छ फडके दह्यात बुडवून, सावलीत वाळवून, कागदात घडी करून मुलीबरोबर द्यावे असा त्यांचा बेत आहे. त्या विचारतात : कोरड्या फडक्यात जीव राहील काय? आणि राहिलाच, तर तिकडे जे दही लागेल ते आमच्याच घरचे असेल काय?

पहिला प्रश्न विज्ञानाचा आणि दुसरा मनाचा, असे कोणी म्हणेल. आम्हांस दोन्ही प्रश्न विज्ञानाचेच वाटतात, आणि त्यांतही दुसरा अधिक अवघड.

विरजण म्हणजे काय हे मराठी गृहिणीला सांगावयास नको. आमच्या आदिलाबादकडे, पैनगंगेच्या दोन्ही तीरांवरील खेड्यांत, त्याला 'इरजण' म्हणतात. शेजारची तेलुगू गृहिणी त्याला 'तोडु' म्हणते, आणि गंमत अशी की तेलुगूत तोडु याचा अर्थ सोबत असाही होतो. दुधाला सोबत दिली म्हणजे दही होते! ही सोबत करणारे जीव म्हणजे दुग्धाम्ल तयार करणारे जिवाणू. काही वाटोळे, मण्यांच्या माळेसारखे जडलेले. काही काडीसारखे लांबट. ताज्या दह्याच्या एका ग्रॅममध्ये त्यांची संख्या दहा कोटींच्या घरात सहज जाते. प्रत्येकाच्या देहाचे तीन-चतुर्थांशाहून अधिक वजन निव्वळ पाण्याचे असते. ते पाणी काढून घेतल्यावर जीव उरावा ही अपेक्षाच मुळात धाडसाची वाटते.

परंतु वाळणे म्हणजे मरणे नव्हे हे आपल्या शेतकऱ्याला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. कणगीतली ज्वारी खडखडीत वाळलेली असते, म्हणूनच ती टिकते आणि म्हणूनच पुढल्या पावसाळ्यात उगवते. ओलसर राहिलेले बी कुजते. हॉलंडच्या लीवेनहूक या सूक्ष्मदर्शक घडविणाऱ्या गृहस्थाने १७०२ साली आपल्या घराच्या पन्हळीतील वाळलेला गाळ पाण्यात कालवून पाहिला, तेव्हा त्यात सूक्ष्म प्राणी पुन्हा हालचाल करू लागल्याचे त्याला दिसले. निर्जीव धूळ आणि सजीव प्राणी यांच्यामधली ही तिसरी अवस्था पाहून तो थक्क झाला. आज आपण तिला सुप्तावस्था म्हणतो, पण शब्द सापडला म्हणजे नवल संपते असे नाही.

मग काही जीव वाळूनही जगतात आणि काही का मरतात? जिवाणूच्या देहाभोवती स्निग्ध द्रव्याचे अतिशय पातळ असे दुहेरी पटल असते. पटलातील कण एकमेकांपासून बेताच्या अंतरावर राहतात, कारण त्यांच्यामध्ये पाणी असते. पाणी निघून गेले की हे कण एकमेकांना चिकटतात, पटल ताठ होते. आणि पुन्हा पाणी मिळाले की ते पूर्ववत होता होता जागोजागी गळू लागते. जिवाणू वाळताना जितका मरत नाही तितका पुन्हा भिजताना मरतो, असे म्हटले तरी चालेल. शिवाय पाणी आटत जाते तसतसे उरलेल्या पाण्यातील मीठ आणि आम्ल तीव्र होत जाते. दह्याच्या बाबतीत ही आम्लाची बाब फार महत्त्वाची, कारण जिवाणू स्वतःच तयार केलेल्या आंबटपणात वाळत असतो. म्हणूनच कारखान्यात जिवाणू सुकविण्यापूर्वी त्यांच्या भोवतीची आंबट निवळ काढून टाकतात, आणि म्हणूनच फडके बुडवावयाचे ते नुकत्याच लागलेल्या गोडसर दह्यात, तीन दिवसांच्या आंबट दह्यात नव्हे.

आता दह्याने भिजलेल्या फडक्यावर जिवाणू एकटा नसतो. त्याच्या भोवती दुधातील प्रथिने असतात आणि दुधाचीच साखरही असते. ही मंडळी त्याचे रक्षण करतात. आमच्या शाळेतील नववीच्या मुलांनी गेल्या माघात याची एक साधी परीक्षा पाहिली. उकळून घेतलेल्या मलमलीच्या तीन पट्ट्या एकाच दह्यात बुडविल्या. एक उन्हात वाळविली, दुसरी वर्गात पंख्याखाली, आणि तिसरी पंख्याखालीच, पण तिच्या दह्यात दुधाची भुकटी आणि थोडी साखर कालवलेली. पंधरा दिवस तिन्ही पट्ट्या घट्ट झाकणाच्या डब्यात राहिल्या. नंतर तीन वाट्या कोमट दुधात त्या टाकल्या. साखर-भुकटीच्या पट्टीचे दूध दुसऱ्या दिवशी शाळा सुटण्याच्या सुमारास घट्ट झाले होते. साध्या पट्टीचे त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी लागले. उन्हातल्या पट्टीचे दूध नासले, पण त्याला दह्याचा वास नव्हता. एका वेळच्या तीन वाट्यांवरून सिद्धान्त मांडता येत नाही, हे आम्ही मुलांना सांगितलेच. तथापि घडले ते शास्त्राला धरूनच घडले.

ह्याच तत्त्वाची मोठी आणि काटेकोर आवृत्ती म्हणजे जिवाणू गोठवून सुकविण्याची रीत. तिला शीतशुष्कन म्हणतात. औषधांच्या कारखान्यांत 'लायोफिलायझेशन' हा शब्द रूढ आहे. देवापुढला कापूर न वितळता हवेत उडून जातो, हे आपण रोज पाहतो. बर्फालाही असेच उडवून लावता येते. मात्र त्यासाठी हवेचा दाब नेहमीच्या दाबाच्या सुमारे एकशेसाठाव्या हिश्श्याहून खाली न्यावा लागतो. पदार्थ उणे ४० अंशांच्या आसपास गोठवावयाचा, निर्वात पेटीत ठेवावयाचा आणि अगदी हळूहळू ऊब द्यावयाची. बर्फाची वाफ होऊन निघून जाते. मागे राहते ती जाळीदार, हलकी, कोरडी वडी. मध्ये पाणी द्रवरूपात कोठेच येत नाही, त्यामुळे पदार्थ आक्रसत नाही आणि शिजतही नाही. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतावरचे लोक बटाटे रात्री हिमात गोठवून व दिवसा कोरड्या उन्हात सुकवून वर्षानुवर्षे टिकवीत आले आहेत. ती ह्याच विद्येची गावठी बहीण. आमच्या आदिलाबादेत पौषात पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो खरा, आणि तेलंगणातील वर्तमानपत्रांना तेवढ्यापुरती आमची आठवणही होते; परंतु ह्या कामास ती थंडी पुरत नाही.

गोठविण्यातही घात आहेतच. थंडी फार सावकाश दिली तर बाहेरचे पाणी आधी गोठते, आतले पाणी बाहेर ओढले जाते आणि जिवाणू तीव्र खारात सापडतो. फार झपाट्याने दिली तर देहाच्या आतच बर्फाचे स्फटिक होतात आणि पटले फाटतात. ह्या दोन दरडींमधून वाट काढावी लागते, आणि ती प्रत्येक जातीच्या जिवाणूसाठी वेगळी असते. एवढे करूनही निव्वळ पाण्यात घोळलेला जिवाणू सुकविला तर त्यातले फारच थोडे जगतात. त्याला सोबत लागते. मलई काढलेले दूध, साधी साखर, सोडियम ग्लुटामेट आणि ट्रेहॅलोज नावाची एक साखर ही ह्या सोबतीतील मुख्य नावे. ट्रेहॅलोजचे नाव पश्चिम आशियातील एका भुंग्याच्या कोशावरून पडले, कारण त्या गोड कोशातून ती वेगळी करण्यात आली. यीस्टमध्ये आणि अळिंब्यांतही ती आढळते. निसर्गात जे जीव संपूर्ण वाळूनही जगतात त्यांतील पुष्कळांच्या देहात ती भरपूर असते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील जॉन आणि लोईस क्रो ह्या दांपत्याने १९८० च्या दशकात हे दाखवून दिले की अशा साखरेचे कण पटलातील पाण्याच्या रिकाम्या जागी जाऊन बसतात. पाणी गेले तरी पटलातील अंतर राखले जाते, ते चिकटत नाही आणि पुन्हा भिजताना फाटत नाही.

साखरेचे दुसरे काम अधिक मनोरंजक आहे, आणि ते समजावयास स्वयंपाकघर पुरेसे आहे. संक्रांतीची चिक्की करताना गुळाचा पाक पक्का झाला की तो काचेसारखा कडक आणि ठिसूळ होतो. त्यात अडकलेला तीळ जागचा हलत नाही. सुकविलेल्या जिवाणूभोवतीही साखरेची अशीच काच तयार होते, आणि तिच्यात अडकलेल्या जिवाणूच्या देहातल्या साऱ्या घडामोडी, त्याचा नाश करणाऱ्याही, जवळजवळ थांबतात. तीच चिक्की आषाढात उघडी ठेवली तर? ती मऊ होते, चिकट होते, तीळ सरकू लागतात. हवेतील ओल्याने काचेचे पुन्हा पाकात रूपांतर झालेले असते. जिवाणूंच्या पुडीचे नेमके हेच होते. तिच्यात शेकडा दोन-चार भागांपलीकडे ओल राहता कामा नये. ओल वाढली की काच विरघळते, देहव्यापार सुरू होतात, पण खावयास काही नसते. जिवाणू अर्धवट जागा होऊन मरतो. ग्लिसरीन हे द्रव्य नुसत्या गोठविण्याच्या कामी उत्तम, पण सुकविण्याच्या कामी गैरसोयीचे, कारण त्याने पाक चिकटच राहतो. दुधाच्या साखरेलाही एक खोड आहे. जुनी दूधभुकटी जशी पिवळट पडते तशी तिची प्रथिनांशी हळूहळू क्रिया होत राहते, म्हणून दीर्घकाळ साठवणीसाठी साधी साखर किंवा ट्रेहॅलोज बरी. ओल, ऊब आणि हवेतला प्राणवायू हे तिघे सुकलेल्या जिवाणूचे वैरी, म्हणून कुप्या निर्वात करून किंवा नायट्रोजन भरून बंद करतात.

आता कोणी म्हणेल, दह्यासाठी एवढा खटाटोप कशाला? खटाटोप पुष्कळसा दह्यासाठी झालेला नाही. तो लसींसाठी झाला, आणि त्याचे फळ आपल्या लोकांच्या दंडावर उमटलेले आहे. देवीची लस पूर्वी पातळ असे. उन्हाळ्यात ती थोड्याच दिवसांत निकामी होई, आणि आमच्याकडील उन्हाळ्यात तर सावलीतही पारा पंचेचाळीसपर्यंत चढतो. इंग्लंडच्या लिस्टर संस्थेतील लेस्ली कॉलियर यांनी १९५० च्या दशकात पेप्टोन नावाच्या प्रथिनजन्य पदार्थाची सोबत देऊन ती लस गोठवून सुकविण्याची रीत बसविली. अशी लस ३७ अंशांच्या उष्णतेत चार आठवडे राहूनही कामाची असली पाहिजे, असा दंडक पुढे जागतिक आरोग्य संघटनेने घातला. भारतात ही कोरडी लस चार ठिकाणी तयार होई : नैनीतालजवळचे पटवाडांगर, मद्रासजवळची गिंडी, आपले हैदराबाद आणि आपलेच बेळगाव. बेळगावच्या टिळकवाडीतील 'व्हॅक्सिन डेपो'चे मैदान तेथील मराठी वाचकांना ठाऊक आहे. ते नाव ह्याच इतिहासातले. १९७५ साली देवीचा रोग भारतातून हटला आणि १९७७ साली तसे प्रमाणित झाले. देवीचा विषाणू हा जिवाणूहून वेगळा, हे खरे. परंतु सोबत देऊन सुकविण्याचे तत्त्व तेच.

क्षयावरील बी.सी.जी.ची लस मात्र अस्सल जिवाणूंची, आणि जिवंत जिवाणूंची. ती ग्लुटामेटची सोबत देऊन सुकविण्याची रीत जपानमध्ये ओबायाशी आदी संशोधकांनी बसविली, आणि १९५५ साली जागतिक आरोग्य संघटनेने तिच्यावर त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. उटनूर-नारनूरकडच्या डोंगरातील कोलामांच्या गुड्यावर आरोग्यसेविका पायी पेटी घेऊन जाते, त्या पेटीतील चिमुकल्या कुपीत ही कोरडी वडी असते. तिच्यात थंड केलेले क्षारजल घातले की ती जागी होते. आणि एकदा जागी झाली की चार तासांत वापरावी लागते, उरली तर टाकून द्यावी लागते. कोरडी असताना महिनोन् महिने टिकणारी वस्तू ओली होताच तासांवर येते. बाळाला लस टोचून घेण्यास सेविकेने सांगितलेल्या दिवशीच का जावे, कुपी एका बाळासाठी फोडण्यास ती का कचरते, याचे मर्म ह्यात आहे.

ह्या बी.सी.जी.च्याच इतिहासात आमच्या वाचकभगिनींच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर दडलेले आहे. काल्मेत आणि गेरँ ह्या फ्रेंच संशोधकांनी सिद्ध केलेला तो मूळ जिवाणू १९२१ साली प्रथम बालकाला देण्यात आला. मग तो पॅरिसहून देशोदेशीच्या प्रयोगशाळांत गेला आणि प्रत्येक ठिकाणी जुन्या भांड्यातून नव्या भांड्यात, अगदी आपल्या विरजणासारखाच, नेमाने मुरवला गेला. धागा कोठेच तुटला नाही. तरीही काही दशकांनी पाहतात तो पॅरिसचा जिवाणू निराळा, डेन्मार्कचा निराळा, तोक्योचा निराळा! प्रत्येक पिढीत कणभर बदल होत गेला होता. १९६० च्या दशकात संशोधकांनी ठरविले की आता मुरवणे पुरे. जे आहे ते गोठवून, सुकवून, कुपीत बंद करावे आणि दर वेळी त्या मूळ साठ्यातूनच बी काढावे. बदल थांबला तो सुकविल्याने.

आता निर्मलच्या विरजणाचा हिशेब करू. लिटरभर दुधाला चमचाभर विरजण लावले तर ते सकाळपर्यंत शंभर-सव्वाशे पटींनी वाढावे लागते, म्हणजे एका रात्रीत जिवाणूंच्या साधारण सात पिढ्या होतात. साठ वर्षांच्या रात्री सुमारे बावीस हजार. एकूण दीड लाख पिढ्या झाल्या. माणसाच्या दीड लाख पिढ्या मोजावयाच्या तर पस्तीस-चाळीस लाख वर्षे मागे जावे लागेल! ह्या काळात दूध बदलले. घरच्या म्हशीचे गेले, पिशवीचे आले. भांडे बदलले, मातीचा गाडगा गेला, स्टीलचा डबा आला. हातांवरून, चमच्यावरून, हवेतून नवे जिवाणू आत शिरले. जुन्यांतले काही हटले. मधल्या काळात एखाद्या रात्री शेजारणीकडून वाटीभर विरजण आणलेही गेले असेल. त्याची नोंद घराण्याच्या इतिहासात कोणी करीत नाही. विरजण तुटले नाही हे आम्ही मान्य करतो. ते बदलले नाही असे मात्र आम्हांस म्हणवत नाही. आजेसासूबाईंनी माहूरहून आणलेले दही आज निर्मलच्या घरातही नाही.

फडक्यावर जाणारे दही मात्र ते वाळेल त्या दिवशीचे असेल, आणि ते तसेच थांबेल. पण सगळेच्या सगळे नव्हे. वाळण्याच्या कसोटीत सारे सारखे उतरत नाहीत. वाटोळे जिवाणू चिवट, कारण त्यांच्या देहाच्या मानाने पृष्ठभाग लहान. लांबट काडीचे नाजूक. ज्याला बल्गेरियन म्हणतात आणि जो दह्याला करकरीत आंबटपणा देतो, तो लांबट जिवाणू सुकविण्याच्या कामी फार हळवा म्हणून प्रसिद्ध आहे. आणखी एक मौज अशी की भरभरून वाढण्याच्या ऐन भरातले जिवाणू सुकविताना पटापट मरतात. वाढ संपून थोडी उपासमार सोसलेले, किंचित उष्णतेचा वा खाराचा चटका आधी बसलेले, अधिक टिकतात. कारखानदार म्हणून त्यांना मुद्दाम थोडा जाच करून मगच गोठवितो. म्हणजे दही पुरते लागलेले हवे, पण आंबट झालेले नको. ही वेळ पारखण्यात घरातल्या वडीलधाऱ्या बाईची बोटे यंत्राइतकीच निष्णात असतात.

म्हणून तिकडे पहिल्या खेपेस लागेल ते दही उशिरा लागेल, पातळ असेल आणि त्याची चव ओळखीची वाटणार नाही. उशीर किती व्हावा याचाही हिशेब आहे. फडक्यावर हजारांत एक जिवाणू वाचला असे धरू. उबदार दुधात तो साधारण तासाला दुप्पट होतो. हजारपट भरून यावयास दहा दुपटी लागतात. म्हणजे निव्वळ संख्येपोटी दहा तास उशीर, शिवाय फाटके पटल सांधण्यास लागेल तो वेळ वेगळा. मुलीने सकाळी दूध घट्ट झाले नाही म्हणून रडकुंडीस येऊन ते ओतून देऊ नये. संध्याकाळपर्यंत, वेळ पडल्यास दुसऱ्या सकाळपर्यंत ऊब राखून थांबावे. त्या दह्याचे पुन्हा दही लावावे, त्याचे पुन्हा. तिसऱ्या-चौथ्या खेपेस, नाजूक मंडळींतले थोडे जरी वाचले असतील, तरी ती पुन्हा आपली जागा घेतात आणि चव जुळू लागते. मुळीच न वाचलेले परत येणार नाहीत, आणि त्यांच्या जागी तिकडच्या दुधातले कोणी येऊन बसतील. आमच्या भगिनींना हे वाचून वाईट वाटेल काय? निर्मलच्या घरात साठ वर्षे हेच होत आले, एवढेच आम्ही त्यांना सांगू.

ह्याच अनुषंगाने औषधाच्या दुकानातील 'जिवंत जिवाणूंच्या' पुड्या आणि गोळ्यांविषयीही लोक विचारतात. त्यांतील पुष्कळ जिवाणू वर सांगितलेल्या रीतीनेच सुकविलेले असतात. भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २०११ साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत असे म्हटले आहे की वेष्टनावर जिवाणूची जात, उपजात व वाण लिहावे, आणि मुदत संपतानाही जिवंत किती उरतील ते सांगावे. तयार करतानाचा आकडा कितीही कोटींचा असला तरी उपयोग त्या शेवटच्या आकड्याचा. 'थंड जागी ठेवा' असे लिहिलेली पुडी वैशाखात पत्र्याच्या छपराखालच्या दुकानात महिनाभर राहिली असेल तर तिच्यातील कोट्यवधी किती उरले असतील, हे चिक्कीच्या उदाहरणावरून वाचकांनी ताडावे. काही जिवाणूंना मात्र ही काळजी करावी लागत नाही. ते स्वतःभोवती जाड कवच करून बीजाणू बनतात. हैदराबादच्या सॅनझाइम कंपनीने प्रचारात आणलेल्या स्पोरलॅकमधला जिवाणू ह्याच जातीचा. त्याने आपली सोबत आपणच केलेली असते. पुडी चहात किंवा कढत दुधात घालू नये, हे सर्वांनाच लागू. लहान मुलाला जुलाब होत असतील तर आधी क्षार-साखरेचे पाणी आणि डॉक्टर सांगतील ते जस्त. पुडीचा विचार मागाहून. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना तर डॉक्टरांनी सांगितल्यावाचून असले काही देऊच नये. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२३ साली ह्याविषयी स्पष्ट इशारा दिला आहे.

राहता राहिली फडक्याची कृती. जुन्या मऊ सुती कापडाचा वीतभर तुकडा पाण्यात उकळून वाळवून घ्यावा. आदल्या रात्री लावलेल्या, पुरत्या घट्ट पण गोड दह्याची वाटी घ्यावी, तिच्यात दोन चमचे दुधाची भुकटी आणि अर्धा चमचा साखर मिसळावी; साखर याहून अधिक नको, फडके चिकट राहते. कापड बुडवून, निथळून, घरातल्या पंख्याखाली धूळ बसणार नाही अशा जागी टांगावे. ऊन नको. श्रावण-भाद्रपदात हे काम करूच नये. कार्तिकापासून माघापर्यंतची कोरडी हवा उत्तम. दोन दिवसांनी कापड मोडले असता कटकन वाजले पाहिजे. ते चार तुकडे करून कोऱ्या कागदात गुंडाळावे आणि भाजून निवविलेल्या तांदळाच्या पुरचुंडीसह घट्ट झाकणाच्या लहान डबीत ठेवावे. तांदूळ ओल ओढून घेतात. डबी कोणत्या सामानात जावी हे ठरविण्याआधी त्या देशाचे नियम पाहावेत, कारण दुग्धजन्य पदार्थांच्या बाबतीत काही देश फार कडक आहेत. ऑस्ट्रेलियाचे नाव त्यांत अग्रभागी आहे. विचारल्यास डबीत काय आहे ते खरे सांगावे.

तिकडे पोचल्यावर दूध उकळून, बोट सोसवेल इतपत कोमट करावे. थंड दुधात तुकडा टाकू नये. कडक झालेले पटल थंडीत भिजले तर अधिक गळते. वाटीभर दुधास एक तुकडा, लिटरभराचा मोह नको. दह्याला गुलाबी, हिरवी झाक किंवा कुबट वास आला तर ते टाकून द्यावे आणि दुसरा तुकडा काढावा. चारांपैकी दोन तुकडे शीतकपाटात तसेच ठेवावेत, आणि डबीवर वाळविल्याची तारीख लिहून ठेवावी.